नावाच्या बाजूचा रकाना

बोईसर-चिल्हार रस्त्यालगतच्या एखाद्या जमिनीचा सातबारा हातात आला की बहुतेक जण आधी एकच गोष्ट शोधतात: नाव कोणाचं आहे? ओळखीचं नाव दिसलं की जीव भांड्यात पडतो. खरं तर त्या उताऱ्यावर सगळ्यात कमी बोलणारी जागा तीच. ही जमीन विकता येईल का, कोणाला विकता येईल, तिच्यावर घर उठेल की गोदाम, सरकारने मागितली तर नाही म्हणता येईल का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या नावात नसतं. ते असतं बाजूच्या रकान्यांत: ‘भूधारणा पद्धती’, ‘कुळाचे नाव व इतर अधिकार’ आणि बारीक अक्षरांतले फेरफार क्रमांक. शिवाय काही उत्तरं उताऱ्यावर कुठेच नसतात. ती राजपत्रात, प्रादेशिक आराखड्यात नाहीतर किनारपट्टीच्या नकाशात असतात आणि जमिनीवर पूर्ण ताकदीने लागू असतात.

हे सगळं समजून घ्यायला पालघर तालुक्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पश्चिमेला तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आणि किनारा नियमन, मधे बोईसरची एमआयडीसी (म्हणजेच तारापूर औद्योगिक वसाहत), पूर्वेला आदिवासी पाडे आणि अनुसूचित क्षेत्र, उत्तरेला डहाणूचा पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलेला तालुका, वरून बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक आणि आता वाढवण बंदर. जमिनीला लागू शकणारा जवळपास प्रत्येक कायदा इथे एका दिवसाच्या फेरफटक्यात भेटतो.

आधी घटनेचा पाया, थोडक्यात. मालमत्तेचा हक्क सुरुवातीला मूलभूत हक्क होता. ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला आणि २० जून १९७९ पासून अनुच्छेद ३००अ एवढाच उरला: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. वाक्य लहान आहे, पण न्यायालयांनी त्यात बरंच वाचलं आहे. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस मिळणं, म्हणणं ऐकलं जाणं, कारणांसह निर्णय मिळणं, सार्वजनिक हेतू असणं, योग्य मोबदला मिळणं, प्रक्रिया वेळेत आणि शेवटपर्यंत पार पडणं हे सगळं ३००अ च्या पोटातच आहे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या कायद्यावरून निघालेल्या प्रकरणात ठरवलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता आपोआप ‘समाजाची भौतिक संसाधनं’ होत नाही. दोन्ही निकाल मालकाच्या बाजूचे वाटतात आणि आहेतही. पण बोईसरच्या शेतकऱ्याचा रोजचा सामना घटनेशी होत नाही. त्याचा सामना असतो महसूल संहितेशी.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या भाषेत शेतकरी ‘मालक’ नसतो, ‘भोगवटादार’ असतो. वर्ग १ चा भोगवटादार जमीन सहसा कोणाला न विचारता विकू शकतो; वर्ग २ वाल्याला आधी परवानगी काढावी लागते. सरकारने वाटलेली जमीन, कूळ कायद्याने मिळालेली जमीन, नवीन शर्तीची जमीन यांच्यावर हा दुसरा शिक्का असतो. एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड एकसारखी भातशेती आणि भावात मात्र मोठा फरक असं दिसलं, तर बहुधा कारण मातीत नसतं, या एका आकड्यात असतं.

कूळ कायद्याच्या जमिनीचं उदाहरण घेऊ, कारण त्यात नियंत्रण आणि त्यानंतरची मोकळीक दोन्ही स्पष्ट दिसतात. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारं कूळ कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. किंमत भरली की कलम ३२म चं प्रमाणपत्र मिळायचं. म्हणजे सरकारने एका खाजगी मालकाचा हक्क काढून दुसऱ्या खाजगी माणसाला दिला. पण देताना कलम ४३ ची गाठ मारली: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. हेतू सरळ होता. काल मिळालेली जमीन उद्या सावकाराकडे जाऊ नये.

पन्नास-साठ वर्षांत ती गाठ काचायला लागली. मूळ कूळ गेलं, नातवंडं नोकरीला लागली, जमीन विकायची तर प्रांत कचेरीत फाईल. २०१४ च्या दुरुस्तीने मार्ग काढला. प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरायचा, परवानगीची गरज नाही. आकार पाच रुपये असेल तर नजराणा दोनशे रुपये! लाखोंच्या जमिनीचं कुलूप दोनशे रुपयांत उघडतं. हा बदल मला योग्यच वाटतो. ज्या कामासाठी ते बंधन होतं ते काम संपलं होतं. मात्र एक बारकावा राहतो. बंधन उठलं त्या दिवशी जमीन ज्याच्या ताब्यात होती, वाढलेली किंमत त्याची. २०१२ मध्ये साठेकराराने नाममात्र पैसे देऊन, ‘परवानगी मिळाली की खरेदीखत करू’ म्हणून जमिनी धरून ठेवणारे लोक या पट्ट्यात होतेच. नियम सैल होण्याचा फायदा जमिनीला होत नाही, त्या क्षणी कागद ज्याच्या हातात असतो त्याला होतो.

आता शेजारच्या पाड्यावर जाऊ. तिथलं कूळ वारली आदिवासी आहे. त्यालाही १९५७ नंतर तसंच प्रमाणपत्र मिळालं, त्याचाही नजराणा दोनशे रुपयेच. पण तो भरून त्याची जमीन मोकळी होत नाही. तिला आणखी एक कलम लागू आहे, महसूल संहितेचं ३६अ, आणि या जिल्ह्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम तेच आहे.

ते कुठून आलं हे समजल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. स्वातंत्र्याआधी या भागात सावकार-जमीनदारांकडे आदिवासींची जमीन गेली होती आणि माणसंही वेठीला बांधलेली होती; लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. पुढे वेठ गेली, कूळ कायदा आला. पण कागदावर आलेली जमीन कर्जापोटी, अंगठ्यापोटी पुन्हा निसटत राहिली. म्हणून १९७४ मध्ये विधिमंडळाने दोन कामं केली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा केला आणि पुढच्या व्यवहारांसाठी ३६अ आणलं. पहिल्या कायद्याला आव्हान मिळालं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार यांच्या खटल्यात तो उचलून धरला. नोंदणीकृत खरेदीखत करून, पैसे मोजून घेतलेली जमीनसुद्धा परत द्यावी लागेल, हे त्या निकालाने पक्कं केलं.

३६अ चालतं असं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने किंवा गहाण द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी हवी. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तिला राज्य सरकारची पूर्वमान्यता, म्हणजे फाईल मंत्रालयात. त्याहूनही कडक अट पुढे आहे: त्या गावात किंवा पाच किलोमीटरांच्या आत कोणीही आदिवासी ती जमीन घ्यायला तयार नाही, याची खात्री पटल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी मंजुरी द्यायचीच नाही. या अटींमुळे गिऱ्हाईक कमी आणि म्हणून भाव कमी. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात ‘३६अ ला अधीन’ अशी नोंद दिसली की दलाल निम्म्या भावापासून बोलायला सुरुवात करतो, आणि मग दुसऱ्या आदिवासीच्या नावावर पैसे लावून जमीन घेण्याचे बेनामी मार्ग सुचवतो. असा व्यवहार उघडकीला आला तर जमीनही जाते आणि पैसेही.

या कलमाने आदिवासीचा विकण्याचा हक्क आखडला, हे खरं आहे. पण ज्या हक्काला धोका होता तो ताब्याचा हक्क होता आणि तो याच आखडण्यातून टिकला. महामार्गापासून पाच-सात किलोमीटरांवर, मुंबईपासून लोकलच्या अंतरावर आजही वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांच्या नावावर जमिनी शिल्लक आहेत, त्यात ३६अ चा वाटा मोठा आहे. बाजारावर सोडलं असतं तर काय झालं असतं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही.

मग सैलपणा कुठे आला? इथे काळजीपूर्वक पाहायला हवं. अनुसूचित क्षेत्रात राज्यपालांना पाचव्या अनुसूचीखाली कायद्यात बदल करण्याचा अधिकार आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुके त्या क्षेत्रात येतात. पालघर तालुक्यातली बरीच गावंही येतात, सगळी नाहीत. २०१६ मध्ये राज्यपालांनी ३६अ मध्ये भर घातली: अनुसूचित क्षेत्रात अशा विक्रीला ग्रामसभेचीही पूर्वसंमती लागेल. अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ चे. त्यांच्याशी हे सुसंगतच होतं. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी जमीन थेट खरेदीने घेताना ही संमती लागू नये अशी सूट दिली गेली. प्रकल्प वेळेत व्हावेत हे कारण.

म्हणजे चित्र असं झालं. एखाद्या वारली माणसाला मुलीच्या शिक्षणासाठी वीस गुंठे विकायचे असतील तर त्याची फाईल गावापासून मंत्रालयापर्यंत जाणार. त्याच वीस गुंठ्यांतून सरकारी मार्ग जाणार असेल तर गावाला विचारण्याची पायरी गळणार. नियम सैल झाला, पण ज्याची जमीन आहे त्याच्यासाठी नव्हे, ज्याला ती हवी आहे त्याच्यासाठी. नियमन वाईट की नियंत्रणमुक्ती वाईट असा वाद घालण्यापेक्षा सैल झालेल्या दोरीचं टोक आता कोणाच्या हातात आहे, हे पाहावं असं मला वाटतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासी शेतकऱ्यांना जमीन खाजगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देणं सोपं करण्याची घोषणा केली तेव्हा विरोध झाला तो याच अनुभवातून. भाडेपट्टा आजही पाच वर्षांपर्यंत देता येतोच. तेव्हा प्रश्न पट्टा द्यावा की नाही हा नाही. मुदत किती, भाडं कोण ठरवणार, आणि मुदत संपल्यावर शेड उभी असलेली जमीन रिकामी करून कोण देणार, हा आहे.

बिनशेतीचं प्रकरण त्यामानाने सोपं, म्हणून पटकन सांगतो. पूर्वी शेतजमिनीवर काहीही बांधायचं तर कलम ४४ खाली एन.ए. परवानगी हाच रस्ता होता आणि तो लांब होता. गेल्या दहा-बारा वर्षांत संहितेत ४२अ, ४२ब, ४२क, ४२ड ही कलमं येत गेली. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक आराखड्यात जागा रहिवासी वा औद्योगिक दाखवली असेल, किंवा ती गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांत असेल, तर ठरलेली रक्कम भरून जमीन बिनशेती मानली जाते. उद्योगासाठी तर १९९४ पासूनच दार किलकिलं आहे: औद्योगिक क्षेत्र म्हणून दाखवलेली दहा हेक्टरपर्यंतची जमीन शेतकरी नसलेलाही विकत घेऊ शकतो, मात्र ठरलेल्या मुदतीत उद्योग उभा करायचा. याचा परिणाम असा की आता जमिनीचं भवितव्य तहसीलदारापेक्षा आराखड्याचा रंग जास्त ठरवतो. नकाशावर पिवळा आला की चांदी, हिरवा राहिला की भात.

तुकडेबंदीतही नियम असाच टप्प्याटप्प्याने सैल झाला. १९४७ च्या कायद्याने ठरावीक क्षेत्राखालचे तुकडे विकायला बंदी. तरीही एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार नोटरीच्या कागदावर होत राहिले. २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून ते नियमित करण्याची सोय झाली, पुढे ते ५ टक्क्यांवर आलं, आणि २०२५ मध्ये नागरी भागांतले तुकडे विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय झाला. ज्यांनी २५ टक्के भरले होते त्यांच्या चेहऱ्याकडे कोणी पाहिलं नाही.

आता एमआयडीसी. बोईसरच्या कारखानदाराला लोक ‘प्लॉटचा मालक’ म्हणतात. तो मालक नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ च्या कलम ३२ खाली जमीन आधी शेतकऱ्याकडून राज्याकडे जाते, तीही सर्व बोज्यांपासून मुक्त. मग महामंडळाकडे, आणि महामंडळ ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उद्योजकाला देतं. मुदतीत बांधकाम केलं नाही तर मुदतवाढीचं शुल्क, प्लॉट दुसऱ्याच्या नावावर करायचा तर हस्तांतर शुल्क, अर्धी शेड भाड्याने द्यायची तर त्याचीही परवानगी. साळवड, पास्थळ, कुंभवली, कोलवडे, सरावलीच्या बाजूला ज्यांच्या शेतांवर वसाहत वसली त्यांना त्या काळच्या शेतीच्या भावाने मोबदला मिळाला. आज त्याच जागेच्या नुसत्या पट्ट्याचा हक्क शहरी भावाने हात बदलतो. कायद्याने पाहिलं तर यात चूक काही नाही. पण या भागात ‘संपादन’ म्हटलं की लोक आधी नकार का देतात, हे त्यातून कळतं.

संपादनाचा हिशोब एकदा मांडून पाहू. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. समजा एका शेताचं बाजारमूल्य २० लाख ठरलं. ग्रामीण भागात त्याला एक ते दोनपर्यंतचा गुणक लागतो आणि तो राज्य ठरवतं. दोन धरला तर ४० लाख. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम: ८० लाख. म्हणजे चौपट. जमीन वाटाघाटीने, थेट खरेदीने दिली तर राज्याच्या २०१५ च्या धोरणाप्रमाणे वर २५ टक्के: १ कोटी. बुलेट ट्रेनच्या वेळी गावोगाव ऐकू येणारा ‘पाचपट’ हा शब्द इथून आला. गणित उदार आहे, पण सगळं अवलंबून आहे त्या पहिल्या २० लाखांवर. ते ठरतं जवळपासच्या नोंदवलेल्या व्यवहारांवरून आणि शासकीय दरपत्रकावरून. खरेदीखतात किंमत कमी दाखवायची जुनी सवय इथे मालकाच्याच अंगावर येते. आणि ३६अ मुळे ज्या जमिनींचे व्यवहारच थोडे, त्यांचं बाजारमूल्यही त्या थोड्या व्यवहारांच्या मापानेच निघतं.

२०१३ च्या कायद्याने पैशाशिवाय आणखीही काही दिलं होतं: सामाजिक परिणामांचा अभ्यास, खाजगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती, अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची मान्यता. पण रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, अणुऊर्जा वगैरे तेरा केंद्रीय कायदे चौथ्या अनुसूचीत टाकून सुरुवातीपासूनच बाहेर ठेवले होते; त्यांना मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून लागू झाल्या. २०१८ मध्ये महाराष्ट्राने आपली दुरुस्ती करून एमआयडीसी कायद्यासह स्वतःचे काही कायदे अशाच वेगळ्या अनुसूचीत घातले आणि पायाभूत प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देण्याची वाट केली. पैसे राहिले, विचारणं आटलं. अभ्यासाला महिनोनमहिने लागत, त्यात प्रकल्पाचा खर्च वाढे, हा सरकारचा युक्तिवाद खोटा नाही. तरी जमिनीच्या हक्कात ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही असतो, आणि त्याचा मोबदला कोणत्याही तक्त्यात धरलेला नसतो.

इथवर ताबा जाण्याविषयी झालं. अवघड गोष्ट आहे ताबा न घेता हक्क आखडण्याची, कारण तिथे मोबदलाच नसतो. तारापूर केंद्राचे पहिले दोन संच १९६९ पासून वीज देत होते. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. त्यांचं पुनर्वसन पुरेसं झालं की नाही यावर वर्षानुवर्षं न्यायालयात भांडण झालं, पण निदान ते संपादन होतं, भांडायला आकडा होता. केंद्राभोवतीच्या पाच किलोमीटरांत मात्र वेगळी योजना आहे. तिथे लोकसंख्या नैसर्गिक गतीनेच वाढावी, मोठी वसाहत किंवा उद्योग येऊ नये, असं नियोजन असतं. जमीन तुमची, सातबारा स्वच्छ, आणि तरीही चार मजली इमारतीचा आराखडा अडतो. किनाऱ्याचंही तसंच. भरतीरेषेपासून दोनशे मीटर ग्रामीण किनाऱ्यावर ना-विकास क्षेत्र. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या, म्हणजे चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त लोकसंख्येच्या भागात ते पन्नास मीटरांवर आणलं. ही सूट मच्छीमारांच्या घरांसाठी उपयोगाची, आणि रिसॉर्टवाल्यांच्याही नजरेत भरणारी.

सगळ्यात निष्ठुर उदाहरण खाजगी वनांचं. ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा लागू झाला आणि त्या एका दिवसात राज्यभरची खाजगी वनं सरकारची झाली. १९५० च्या दशकात कधीतरी वन कायद्याच्या कलम ३५ ची नोटीस निघालेली असायची, ती कोणाला मिळालेली नसायची, आणि चाळीस वर्षांनी नातवाला कळायचं की आजोबांची वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, जमीन ‘वन’ आहे. ३० जानेवारी २०१४ ला गोदरेज अँड बॉइसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसती निघालेली नोटीस पुरत नाही. ती मालकापर्यंत पोहोचलेली आणि तिच्यावर पुढची कार्यवाही झालेली हवी. फायदा मुंबईतल्या मोठ्या भूखंडांना लगेच झाला. डोंगराकडेच्या पाच एकरवाल्याला तोच निकाल वापरायला वकील लागतो.

आणि डहाणू. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने अख्खा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. उद्योगांसाठी एकूण ५०० एकरांची मर्यादा, लाल वर्गातले, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणारे, उद्योग बंद, आणि मूळ अधिसूचनेत तालुक्याबाहेरही २५ किलोमीटरांचा उद्योगमुक्त पट्टा. तारापूरची उभी वसाहत त्याच पट्ट्यात! १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं आणि १९९८ मध्ये त्याने वाढवणचं बंदर नाकारलं. चिकूवाडीवाल्यांचं नुकसान झालं का? कारखानदाराला विकून मिळाला असता तो भाव मिळाला नाही, हे खरं. पण डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते वाड्या शिल्लक होत्या म्हणून.

२०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल वर्गातून काढून बिगर-औद्योगिक गटात ठेवलं. डहाणूची अधिसूचना तशीच राहिली, फक्त ती ज्याला अडवत होती त्या गोष्टीची वर्गवारी बदलली. जुलै २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली, एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि ३० ऑगस्ट २०२४ ला ७६ हजार कोटींच्या बंदराचं भूमिपूजन झालं. नियंत्रणमुक्ती बहुतेकदा अशीच होते: विधिमंडळातल्या चर्चेशिवाय, एका परिपत्रकाने.

आणखी एक बाजू शेजाऱ्याची. २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिलं होतं. नवापूर, दांडी, मुरबे, सातपाटीच्या मांगेला मच्छीमारांच्या नावावर समुद्राचा सातबारा नाही. खाडीतली मासळी गेली तर मोजायला भूसंपादन अधिकारी येत नाही. त्यांचा हक्क प्रदूषण मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रातल्या अटींत असतो: किती पाणी, किती प्रक्रिया करून, कुठे सोडायचं. म्हणूनच अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणात गेली आणि शंभराहून अधिक कारखान्यांवर पर्यावरण भरपाईची वेळ आली. कारखानदाराला जाच वाटणारी अट म्हणजे मच्छीमाराची एकमेव मालमत्ता, असं म्हटलं तरी चालेल. जनविश्वास कायद्यानंतर १ एप्रिल २०२४ पासून हवा आणि पर्यावरण संरक्षण कायद्यांतल्या बहुतेक गुन्ह्यांची कैद जाऊन १० हजार ते १५ लाखांचा दंड आला. छोट्या कागदी चुकीसाठी तुरुंगाची भीती नको, हे पटतं. पण मोठ्या कंपनीला १५ लाख म्हणजे खर्चाची एक ओळ.

या भागात जमीन घेणाऱ्याने किंवा वडिलोपार्जित जमिनीचं काय करायचं ते ठरवणाऱ्याने एक काम वकिलाकडे जाण्याआधी स्वतः करावं. ताजा सातबारा पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो, पण संहितेच्या कलम १५७ प्रमाणे विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच. म्हणून त्यावरचे फेरफार क्रमांक उलट्या क्रमाने मागे काढत जावेत आणि तीन तारखांच्या आसपासच्या नोंदी मुद्दाम पाहाव्यात. १ एप्रिल १९५७ च्या आगे-मागे कूळ कोण होतं. ६ जुलै १९७४ च्या आधी नाव कोणाचं होतं आणि ते आदिवासी होतं का. ३० ऑगस्ट १९७५ नंतर ‘वन’ असा शेरा कधी आला, कधी गेला. जुने फेरफार ऑनलाइन सापडले नाहीत तर तलाठ्याकडे, म्हणजे २०२४ पासूनच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करता येतो. मोडी लिपीतली नोंद निघाली तर वाचणारा शोधावा लागेल. तेवढा खर्च धरूनच ठेवावा.